फेब्रुवारीचं ध्येय : जिभेवर ताबा

राहाता,
१२ मार्च

प्रिय आराधना,

राहात्याहून कृपाचा सलाम घे. तुझ्या यजमानांना सलाम, सुनेला सलाम. नातवाला मात्र नुसता पापा दे, कारण मागच्या खेपेला मी सलाम म्हटलं तर त्याने टाचा जुळवून मला कडक सलाम ठोकला होता. प्रभूच्या दयेने मी ठीक आहे, आणि जिथे ठीक नाही तिथे दोष प्रभूचा नाही. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून गुडघ्यांना लांबूनच दाखवतेस? तिसगावाकडे हरभरा निघाला का? (हरभऱ्याशी माझं काही देणंघेणं नाही. पण चौतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली, त्या अनुभवाने सांगते, पिकापाण्याची चौकशी नसलेलं पत्र माणूस तारेसारखं घाबरत घाबरत वाचतो. तू घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही.)

गेलेलं नाही, पण यायचंही थांबलंय. तुझी धाकटी बहीण मार्था अकरा दिवस माझ्याकडे चहाला आलेली नाही. आमची घरं शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत, हे तू पाहिलंच आहेस. एकोणतीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला मार्था आधी आपला कप भिंतीवर ठेवते आणि मग फाटकाला वळसा घालून स्वतः येते. तिचे यजमान गेले त्या आठवड्यातसुद्धा तिसऱ्या दिवशी कप भिंतीवर होता. आता अकरा दिवस भिंत मोकळी. मला त्याचं काही वाटत नाही. एकटीपुरता चहा करायला उलट सोपा, फक्त सवयीने दोन कपांचा होतो आणि उरलेला मोगऱ्याला घालते. मोगरा वाळत चाललाय.

तिची बाजू तुझ्या कानावर आली असेल. (आली नसेलच. मार्था बोलत नाही, सगळा घोटाळा तिथेच आहे.) म्हणून माझी बाजू सविस्तर लिहिते. आपण बोर्डिंगात एका बाकावर बसलो, एका ताटात जेवलो, तेव्हा मला तू ओळखतेस. न्याय तू कर. माझ्या बाजूने कर.

आमच्या मंडळीत गेल्या पावसाळ्यात नवे पाळक आले. नाव जस्टिन, वय एकोणतीस, दाढी कोरलेली, स्वभाव गोड, आणि उपदेश अठ्ठेचाळीस मिनिटांचा. मला आजी म्हणतो. मी सांगितलं, बाबा, मला नातू नाही, मला बाई म्हण. तेव्हा तो म्हणाला, बरं आजी. तर नव्या वर्षाच्या उपासनेला त्याने जाहीर केलं की या वर्षी प्रत्येक विश्वासणाऱ्याने दर महिन्याला एक वैयक्तिक ध्येय ठेवायचं, महिनाभर त्यावर प्रार्थनापूर्वक चिंतन करायचं, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायची. ध्येयं दारातल्या फळ्यावर नावानिशी लिहिली जाणार. मला कल्पना वाईट वाटली नाही. आपल्या लोकांची आध्यात्मिक प्रगती नाताळच्या केकपासून ईस्टरच्या अंड्यापर्यंत झोपलेली असते, तिला कुणी गदागदा हलवलं तर हवंच आहे. माझं जानेवारीचं ध्येय मी तिथल्या तिथे लिहून दिलं : मंडळीला उपासनेस वेळेवर येण्याची शिस्त लावणे. महिनाभर मी नऊ वाजता दारात वही घेऊन उभी राहिले आणि उशिरा येणाऱ्यांची नावं लिहिली. लोक वेळेवर येऊ लागले, काही मागच्या दाराने. एवढं यश दुसऱ्या कुणाच्या ध्येयाला आलं नाही. मंडळीच्या कारभारी वडिलांपैकी आमोसभाऊ (म्हणजे मार्थाचे दीर, तुझ्या ओळखीचे) पहाटे चारला उठून प्रार्थना करणार होते, ते महिनाभर उपदेशात घोरले. शेवटच्या गल्लीतल्या गोजरबाईंनी सुनेवर न चिडण्याचं ठरवलं होतं, त्यांची साक्ष एका वाक्याची झाली : “मी न्हाई चिडले, तीच चिडली.”

माझ्या साक्षीनंतर मात्र जस्टिन घसा खाकरून म्हणाला की आजींची तळमळ मोठी आहे, पण ध्येय स्वतःविषयी हवं, दुसऱ्याविषयी नको. मी विचारलं, स्वतःत काही सुधारण्यासारखं न सापडल्यास काय करायचं? प्रश्न प्रामाणिक होता. लोक हसले. त्यावर त्याला तिथेच सुचलं की आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसतो, तर फेब्रुवारीसाठी प्रत्येकाने टोपलीतून एक नाव उचलावं आणि त्या भावाला किंवा बहिणीला काय हवं ते प्रेमाने लिहावं. हे सगळं उपदेशाआधी झालं. उपदेशाच्या वेळी मी आत नव्हते. कुणीतरी उसाच्या रसाचा टेम्पो बरोबर दारात लावला होता आणि प्रेतपेटीसुद्धा आडवी करून न्यावी लागली असती, इतकी वाट अडवली होती. त्या माणसाची समजूत काढण्यात माझी पाऊण तास शक्ती गेली. आत आले तेव्हा शेवटचं गीत चाललं होतं. उपदेश कशावर झाला हे मी कुणाला विचारलं नाही, तीन रविवारांत दोनदा तोच असतो. (विचारायला हवं होतं. तो जिभेवर होता. जीभ म्हणजे विस्तव, एक ठिणगी आणि सबंध रान पेटतं, वगैरे. मला हे एक महिन्यानंतर कळलं.)

माझं नाव मार्थाने उचललं. गीत संपल्यावर चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. कुणाला शास्त्रवाचन वाढव, कुणाला मोबाईल कमी कर. माझ्या चिठ्ठीवर मार्थाच्या बारीक, सरळ अक्षरात तीन शब्द होते : जिभेवर ताबा ठेवणे. सबंध मंडळीतून एक हुंकार उठला आणि मागून गोजरबाई मोठ्यांदा म्हणाल्या, “आमेन!” आराधना, माझे डोळे भरून आले. मला वाटलं, इतक्या लोकांना माझ्या मधुमेहाची काळजी आहे!

हसू नकोस. दुसरं काय वाटणार? आपल्या बोर्डिंगात ईस्टरआधीचे लेंटचे उपास लागले की मोठ्या सिस्टर जॅमची बरणी कुलपात घालायच्या आणि म्हणायच्या, गर्ल्स, जिभेवर ताबा. शिऱ्याला दुसऱ्यांदा ताट पुढे केलं की जिभेवर ताबा. बोलण्यासाठी सिस्टरांकडे वेगळा शब्द होता, सायलेन्स, आणि त्याला घंटा होती. अकरा वर्षं माझ्या कानात जीभ म्हणजे खाणं आणि बोलणं म्हणजे घंटा. शिवाय जानेवारीत माझी उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठ्याण्णव निघाली होती, तपासणीला मार्थाच बरोबर होती. आमोसभाऊंच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला मी पाच पेढे खाल्ले तेही तिने मोजले होते. (चार. पाचवा नुसता फोडून पाहिला.) आणि लेंट तोंडावर आलेला. सगळं जुळत होतं की नाही, सांग.

मग मी जो महिना काढला तसा संतांनीही काढला नसेल. साखर बंद, गूळ बंद, बिस्किटं बंद. राहात्यात राहून पेरू बंद, आणि तेही मार्थाच्या झाडाला फांद्या वाकेपर्यंत पेरू लागलेले असताना. मार्थाने माझा साखरेचा डबा उचलून आपल्या घरी नेला, रोज सकाळी मेथीचे दाणे भिजवून आणले, एक दिवसाआड कारल्याची भाजी भिंतीवर ठेवली. मला वाटायचं, काय ही माया! आता कळतं, ती चेष्टा होती. लोक मनातल्या मनात हसून लोळत असतील आणि ही शांतपणे कारली चिरत होती.

आठव्या दिवसापासून एक चमत्कार घडला. साखर ही माणसाच्या डोळ्यांवरची झापड असते, ती सुटली की इतरांचे दोष लख्ख दिसू लागतात. चौकातल्या गोरक्षनाथने मला बोलावून म्हटलं, “बाई, एक जिलबी घ्या की, देव काय बघतोय व्हय?” मी म्हटलं, तुझी जिलबी सोडायला देवाची मदत लागत नाही, एकदा खाल्ली की पुरतं. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यातली दोन तशीच गेली. महिला मंडळात मी चौघींना त्यांच्या प्रार्थना फार लांब असून त्यात शेजाऱ्यांच्या भानगडीच जास्त असतात हे सांगितलं. आमोसभाऊंना सांगितलं की वरच्या पट्टीत गाणं ही देवाची देणगी असते आणि ती तुम्हांला मिळालेली नाही. ही सगळी खरी बोलणी आहेत. आणि प्रत्येक बोलण्यानंतर समोरच्याने फळ्याची आठवण देऊन विचारायचं, ध्येय कसं चाललंय बाई? मी अभिमानाने सांगायचे, उत्तम! आजवर एकदाही घसरले नाही. लोक माझ्याकडे असे पाहायचे की मला वाटायचं, माझी तब्येत उतरलेली त्यांना बघवत नाही.

एकदा मात्र घसरले, आणि लपवायचं नाही म्हणून जस्टिन घरी भेटीला आला तेव्हा आपण होऊन कबूल केलं. ते संभाषण मी आता आठवते तेव्हा कानशिलं गरम होतात. मी म्हटलं, काल आमोसभाऊंच्या घरी ताबा सुटला.

“अरेरे,” तो म्हणाला. “फार?”

“दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्या सुनेनेच आग्रह केला.”

“सुनेने?”

“म्हणाली, होऊ द्या बाई, गरम आहे तोवरच मजा.”

त्याचा चेहरा उतरला. “आणि आमोसभाऊ काय म्हणाले?”

“ते काय म्हणणार? समोर बसून आवंढे गिळत होते. त्यांना डॉक्टरांनी बंदी केलीय ना, बायपासपासून.”

“उलट बोलायला?”

मला वाटलं पोराला नीट ऐकू येत नाही. मी म्हटलं, “तुपातलं काहीच चालत नाही त्यांना.” यावर तो म्हणाला, आजी, आपण प्रार्थना करू या, आणि त्याने शहाणपणासाठी प्रार्थना केली. कुणाच्या, ते स्पष्ट केलं नाही.

एक मार्च उजाडला. मी तुझ्याकडून आणलेली मोतिया साडी नेसले. माझी पाळी आली तेव्हा माईक हातात घेऊन मंडळीला सांगितलं की प्रभूच्या साहाय्याने या महिन्यात मी जिभेवर पूर्ण विजय मिळवला आहे. सगळ्यांनी माना वळवून दारातल्या फळ्याकडे पाहिलं. मी पुढे म्हटलं, एकदा शिरा खाल्ला तो सोडल्यास एक दाणा साखर पोटात गेली नाही, वजन अडीच किलोने उतरलं, उपाशीपोटी साखर एकशे एकतीस आली, आणि याचं श्रेय माझ्या मैत्रिणीला, मार्थाला. एवढं म्हणून मी टाळ्यांसाठी थांबले. तेव्हा पहिल्या बाकावरून गोजरबाईंचा आवाज आला, आणि त्यांना हळू बोलता येत नाही हे तुला माहीत आहे : “अवो बाई, खायाची जीभ न्हाई वो ती! बोलायची! बोलायची जीभ!”

मग जे हसू फुटलं ते आराधना, मी वर्णन करत नाही. लहान पोरं हसली, म्हातारे हसले, पेटीवर बसलेला मुलगा पेटीवर डोकं टेकून हसला आणि पेटीतून एक सूर निघाला. जस्टिन रुमालात तोंड घालून भिंतीकडे वळला. मला एका क्षणात सबंध महिना उलगडला : ते हुंकार, ते आमेन, ती कारली. आणि मी पाहिलं तर मार्था खिडकीजवळच्या बाकावरून अर्धवट उठली होती, हात पुढे केला होता, तोंड उघडलं होतं. मला वाटलं, ही पण हसणार.

माईक माझ्या हातात होता. मी म्हटलं, बाई मार्था, दुसऱ्याच्या जिभेचं ध्येय लिहितेस, तुझ्या तोंडात जीभ आहे हे आधी दाखव! तुला वेळेवर दोन शब्द बोलता आले असते तर नवरा गेल्यावर सहा महिन्यांत दिराने तुझ्या वाट्याच्या जागेवर दोन खोल्या उठवल्या नसत्या, आणि तू माझ्या ओट्यावर बसून रडली नसतीस!

हसणं एकदम थांबलं. आमोसभाऊ पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

मार्था पूर्ण उभी राहिली. ती ओरडली नाही. तिला माईकही लागला नाही, इतकं शांत झालं होतं. ती म्हणाली, “खरं आहे ते, कृपाताई. पण मी ते तुला सांगितलं होतं. मंडळीला नाही.” आणि चपला घालून घरी गेली.

आता कायद्याने बघ. मी खोटं काही बोललेच नाही, ती स्वतः म्हणाली खरं आहे म्हणून. अपमान आधी माझा झाला. हे मी पहिले दोन दिवस स्वतःला समजावत होते आणि मला छान पटत होतं. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट आठवली. पोस्टात मी लोकांची बंद पाकिटं हाताळली, हजारोंनी, आणि एकदाही, उजेडासमोर धरूनसुद्धा, एकाच्याही आत पाहिलं नाही. त्याचा मला गर्व आहे, निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात सांगितलं होतं. आणि मार्थाने आयुष्यात एक पाकीट माझ्या हातात दिलं ते मी माईकवर फोडून वाचलं.

जस्टिनने ही ध्येययोजना ताबडतोब बंद केली, फळाही पुसला. तरी माझं मार्चचं ध्येय मी मनातल्या मनात ठेवलं : मार्थाच्या दारात जायचं, एक वाक्य बोलायचं, परत यायचं. वाक्य सोपं आहे. “माझं चुकलं.” मूलसुद्धा म्हणेल. पहिल्या खेपेला मी फाटकाशी उभी राहून म्हटलं, मार्था, माझं चुकलं, पण तूही जरा स्पष्ट लिहायला हवं होतंस. ती आत गेली. तो “पण” कुठून आला मला ठाऊक नाही, मी घरून निघाले तेव्हा तो बरोबर नव्हता. दुसऱ्या खेपेला मी वाटभर घोकत गेले, पण नाही, पण नाही, पण नाही. ती ओट्यावरच्या खाटेवर पापड वाळत घालत होती. मी म्हटलं, मार्था, माझं चुकलं. आणि पूर्णविराम दिला. दिला होता गं! तेवढ्यात माझं लक्ष पापडांकडे गेलं आणि मी म्हटलं, हे जाड लाटलेस तू. ती खाट उचलून, पापडांसकट, मागच्या अंगणात गेली.

तेव्हा मी ठरवलं की तोंडाचा भरवसा नाही, लेखी द्यावं. पत्र लिहायला बसले ते सात पानं झाली. त्यातली पहिली ओळ क्षमेची होती, उरलेली पार्श्वभूमीची. भिंतीवरून देणं बरं दिसेना, म्हणून शेजारच्या घरी पोस्टाने पाठवलं, तेही पोच मिळावी म्हणून नोंदणी करून. पोस्टमन मला ओळखतो, तो म्हणाला, “मॅडम, तिकीट कशाला वाया घालवता, मी जाता जाता टाकतो.” मी त्याला नियम ऐकवला. परवा ते पाकीट परत आलं. पाठीवर शेरा : घेण्यास नकार. आराधना, हा शेरा मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पाकिटांवर मारला, एका हाताने मारत दुसऱ्या हाताने चहा पीत मारला. माझ्या पाकिटावर तो पाहिला तेव्हा मला पायरीवर बसावं लागलं.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसले. आपल्याला लहानपणापासून क्षमा मागायची सवय आहे, रोज रात्री अंथरुणावर गुडघे टेकून आपण ती मागितली, गणिताच्या पाढ्यासारखी. मला कळलं की ती मला सोपी जायची कारण प्रभू काही उलट बोलत नाही आणि त्याच्याकडे बघावं लागत नाही, डोळे मिटलेलेच असतात. माणसाकडे मागायची तर डोळे उघडे ठेवून मागावी लागते, आणि मागून झाल्यावर गप्प उभं राहावं लागतं, समोरचा काय करेल ते बघत. ते गप्प उभं राहणं मला कुणी शिकवलंच नाही. सिस्टरांच्या घंटेने मी गप्प व्हायचे खरी, पण घंटा बाहेर असायची. महिनाभर मी जॅमची बरणी सोडली आणि वजन उतरवलं. ज्या जिभेचं ध्येय होतं तिचं एक ग्रॅम उतरलं नाही.

तर असं आहे. यात चूक कुणाची किती, ते तू मला स्पष्ट लिही. माझी साठ टक्के धरलीस तरी मी हरकत घेणार नाही. पासष्टला घेईन. यजमानांना पुन्हा सलाम. उन्हाळ्यात बाहेर पडताना डोक्यावर पदर घे, फॅशन करू नकोस.

तुझ्या बाकावरची,
कृपा

ता. क. — टक्केवारी राहू दे. खरं सांगायचं तर तू इकडे ये. तिसगावहून नगर आणि नगरहून राहाता अशा दोन एस.टी. बदलाव्या लागतील आणि तुझे गुडघे तसे आहेत हे मला कळतं, तरी ये. तू फक्त माझ्याबरोबर मार्थाच्या दारापर्यंत चल. मी म्हणेन, “माझं चुकलं,” आणि तेवढं झालं की तू माझा दंड धरून मला ओढून परत आण. जोरात ओढ. बोर्डिंगात भिंतीवरून ओढायचीस तशी. मला थांबता येत नाही, आराधना. आणि मार्था परत आली नाही तर माझं कठीण आहे.

ता. क. २ — हे वरचं लिहून पेन खाली ठेवलं आणि फाटक वाजलं. मार्था. दारातच उभी राहिली, म्हणाली, नळाचं पाणी तुझ्याकडे आलं का? मी उठले आणि म्हटलं, माझं चुकलं. मग काय काय वर आलं म्हणून सांगू! पण तू रजिस्टर परत पाठवायला नको होतं, हे आलं. सात पानं होती ती, हे आलं. केस किती पांढरे झाले तुझे अकरा दिवसांत, हेसुद्धा आलं. मी दातांखाली जीभ धरली, खरोखरची, आणि टेबलाची कड धरली. ती वाट बघत उभी. बऱ्याच वेळाने म्हणाली, “पुढे?”

मी म्हटलं, “पुढे काही नाही.”

ती जवळ आली, माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, “बरं वाटत नाही का तुला?” आणि आत जाऊन तिनेच चहा ठेवला. आम्ही प्यायलो. ती माफ केलं असं काही म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही (विचारणार होते). तेव्हा तू एवढंच कळव, चहा करून दिला म्हणजे क्षमा झाली असं धरायचं का? ओढायला यायची आता गरज नाही. तरी ये. माझ्याकडचा डिंक वाळून दगड झालाय, मार्था बाजारात निघाली आहे, तिलाच पाकीट देते, पोस्टात डिंक लावून टाकेल. ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली नाही.

*

ताई, मी मार्था. पाकीट उघडंच होतं, वर तुझं नाव आणि आत सगळीकडे माझं, म्हणून पोस्टाच्या बाकावर बसून वाचलं. चहाचा अर्थ कळत नसेल तर कॉन्व्हेंटात काय शिकवलं हिला?

ती चिठ्ठी मी साखरेचीच लिहिली होती. बोलण्याचं ध्येय तिला एका महिन्यात झेपणारं नाही, एवढं मला कळतं. गोजरबाई भलतंच बोलल्या तेव्हा मी तेच सांगायला उठले होते, पण तेवढ्यात ही सुरू झाली.

तू ये. पेरू थोडे राहिलेत, ठेवते. आणि हे साखरेचं तिला ईस्टरपर्यंत तरी सांगू नकोस. गल्लीत फार शांत आहे.

— मार्था